काळीतला खांब

सही करणार नाही असं मी म्हणाले, तेव्हा साहेबांना ते नीट ऐकूच आलं नाही. ते फोनवर होते. एका हाताने त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बोलत राहिले. फोन ठेवल्यावर कागद तसाच दिसला.

"काय झालं?"

"यात लिहिलंय की खांबाचं अंतर या महिन्यात तपासलं, फरक आढळला नाही."

"मग?"

"तपासलेलं नाही, सर."

"ते दर महिन्याला तसंच लिहितात."

"माहीत आहे. तीन वर्षं मीच सही करतेय. आता नाही करणार."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. माझ्या बाळंतपणात त्यांनी एका शब्दाने रजा मंजूर केली होती, आणि यंत्राबद्दल मला जे येतं त्यातलं निम्मं त्यांनीच शिकवलं होतं. म्हणाले, "उन्हाने डोकं तापलंय तुझं. उद्या कर." मी कागद तिथेच ठेवून बाहेर आले. दुसऱ्या दिवशीही मी सही केली नाही.

हे घडलं पारनेर तालुक्यातल्या एका माळावर. राळेगणच्या बाजूला जाणाऱ्या एसटीतून मधेच उतरायचं आणि उरलेली वाट पायी चालायची. आजूबाजूला कुसळी गवत, मेंढरांच्या वाटा, मधूनच वर आलेला काळा पाषाण. त्यात आमचं केंद्र: एक पांढरा घुमट, दोन बैठ्या इमारती आणि तारेचं कुंपण. गावातल्या लोकांना वाटायचं आम्ही पाऊस पाडायचं काहीतरी करतो. त्यांची समजूत काढायचा मी बरेचदा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

खरं तर आमचं काम सांगायला सोपं आहे. पृथ्वीभोवती काही जड धातूचे गोळे फिरत असतात, अंगभर काचेची छोटी प्रिझम बसवलेले. खालून दुर्बिणीतून लेसरचा अगदी क्षणभराचा झोत सोडायचा. तो गोळ्यावर आपटून आल्या वाटेने परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजलं की अंतर मिळतं. जगभर अशी केंद्रं आहेत. सगळ्यांची अंतरं एकत्र मांडून शास्त्रज्ञ पृथ्वीचा मध्य नेमका कुठे आहे, कुठली जमीन खचतेय, समुद्र किती चढतोय हे ठरवतात. समुद्र वर्षाला काही मिलिमीटरच चढतो. तेव्हा ज्या केंद्राची चूकच काही मिलिमीटरची आहे, त्याने समुद्राबद्दल न बोललेलं बरं.

आता हा खांब कसला, तेही सांगते. लेसर बाहेर पडायला, प्रकाश आत आल्यावर तो ओळखायला, तारांतून घड्याळापर्यंत पोचायला यंत्र स्वतःचा थोडा वेळ खातं. तो वजा करायला हवा. त्यासाठी आवारात छातीइतक्या उंचीचा काँक्रीटचा खांब होता आणि त्याच्या डोक्यावर एक प्रिझम. दुर्बिणीपासून त्याचं अंतर केंद्र उभं राहिलं तेव्हा काटेकोर मोजून ठेवलेलं. प्रत्येक उपग्रहाच्या आधी आणि नंतर आम्ही या खांबावर लेसर मारायचो. माहीत असलेल्या अंतरापेक्षा जो जास्तीचा वेळ दिसेल तो यंत्राचा, तो वजा. किराणा दुकानदार साखर तोलण्याआधी रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणतो, तसंच हे. फक्त एक गोष्ट गृहीत होती. खांब जागचा हलत नाही. तो हलला तर आकाशातलं प्रत्येक अंतर तेवढंच चुकतं, आणि यंत्र कसलीच तक्रार करत नाही.

साहेबांचा एक आलेख होता. दरवर्षी पावसाळ्यात आमचं पठार काही मिलिमीटर खाली दबतं आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतं, असा. पाऊस मुरला, तळी-धरणं भरली की त्या पाण्याच्या वजनाने जमीन दबते. हे खरंच घडतं, जगात इतर ठिकाणी मोजलेलंही आहे. आपल्या दुष्काळी मुलखात ते इतकं स्वच्छ दिसतंय याचा साहेबांना फार अभिमान होता. पाहुणे आले की तो आलेख भिंतीवरून उतरवून हातात द्यायचे. मलाही अभिमान होता. माझ्या जिल्ह्याची जमीन श्वास घेतेय आणि मी तो मोजतेय, असं मी एकदा मुलींच्या शाळेत भाषणात सांगून आले होते. टाळ्या मिळाल्या होत्या.

पण त्याच संगणकावर माझ्यासमोर रोज दुसरा एक आलेख असायचा, यंत्राने खाल्लेल्या वेळेचा. तोसुद्धा ऋतूंप्रमाणे वर-खाली व्हायचा. सगळे म्हणायचे तापमानामुळे. मीही तेच म्हणायचे. एका दुपारी यंत्राच्या खोलीत स्वेटर घालून बसले होते तेव्हा लक्षात आलं, की ही खोली वर्षभर एकाच तापमानाला ठेवलेली असते. बाहेर मे महिना आणि आत मी स्वेटरमध्ये. यंत्राला उन्हाळा-पावसाळा कळणार कुठून?

मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तारा बाहेरून जातात." तारा जमिनीखालून जात होत्या. तरी मी गप्प बसले, कारण त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याच महिन्यात वडील आले. आमचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडे. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. आम्ही नाही, कारण वडील गवंडी होते आणि त्यांना तिथेच काम मिळत राहायचं. शाळा, समाजमंदिरं, आमचं छोटं चर्च, विहिरींची बांधकामं. मला त्यांनी नगरला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. आता कागदोपत्री ते अहिल्यानगर झालंय, पण बाबा अजून नगरच म्हणतात. पदवीला मी भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "ह्यात हातानं काम करायचं असतं का नुसतं वाचायचं?" हातानंही असतं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं होतं.

केंद्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. घुमट पाहिला, दुर्बीण पाहिली, यंत्राच्या खोलीत त्यांना थंडी वाजली. बाहेर आल्यावर मी खांब दाखवला आणि सगळं त्याच्यावर कसं अवलंबून आहे ते सांगितलं. ते खांबाजवळ गेले, चपलेने माती उकरली, खाली बसून चिमूटभर हातात घेतली.

"ही काळी हाय," ते म्हणाले.

"हो."

"पाया कुठवर घेतलाय?"

"माहीत नाही. काँक्रीटचा आहे, जड आहे चांगला."

"जड आसंल. मुरमाला लागलाय का?"

जवळच आवारातली झाडझूड बघणाऱ्या मावशी फुलझाडांना पाणी घालत होत्या. जवळच्याच वाडीवरच्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "कसला मुरूम? पल्याडच्या अंगाला तर उन्हाळ्यात हात जाईल येवढी भेग पडती. माजं खुरपं पडलं हुतं त्यात, ते गावलंच न्हाई."

त्यांनी जागा दाखवली. खांबाच्या पलीकडच्या बाजूला, दुर्बिणीच्या उलट अंगाला, जमीन फाटलेली होती. मी काठी घातली, ती निम्मी आत गेली. खांबाच्या अलीकडच्या बाजूला इमारतीपासून आलेला सिमेंटचा रस्ता होता. त्याच्याखाली ना ऊन पोचायचं ना पाणी. मी रोज त्या रस्त्याने खांबापर्यंत जायचे आणि तिथूनच परत फिरायचे. पलीकडे कधी गेलेच नव्हते.

बाबा म्हणाले, "माळावर दगड उघडा पडलाय सगळीकडं, आन् ह्यांनी खांब नेमका पानथळीत रोवलाय. वरून वाहून आलेली काळी हितं साचलीय. पावसाळ्यात ही बाजू फुगून वर येनार, त्या अंगाला रस्त्याखाली कोरडीच ऱ्हानार. खांब तिकडं कलनार."

"किती कलेल?"

"घर आसतं तर ध्यानातबी आलं नसतं. सुताभर."

सूत म्हणजे गवंड्यांच्या भाषेत इंचाचा आठवा भाग. तीन मिलिमीटरच्या वर. मी तिथेच मनात मांडणी केली. पावसाळ्यात खांबाचा माथा दुर्बिणीकडे सरकतो. अंतर कमी होतं. आम्ही जुनंच अंतर धरून चालतो, म्हणजे यंत्राचा वेळ आम्ही कमी वजा करतो. मग उपग्रह थोडा लांब दिसतो. उपग्रह लांब दिसतो म्हणजे आपण खाली गेलेले दिसतो. पावसाळ्यात पठार दबलं. साहेबांचा आलेख जसाच्या तसा माझ्यासमोर उभा राहिला.

परत येताना आम्ही एसटीने निघालो. पारनेर आल्यावर बाबा म्हणाले, "मी एकदा साळंचा पाया असाच वर धरला हुता. मुकादम म्हनला चालतंय, मी बी म्हनलं चालतंय. दोन पावसाळ्यांत भिंत फाटली. ती फाटलेली भिंत सगळ्या गावानं बघितली, म्हनून मला परत बांधावी लागली. तुमचं फाटलेलं कोनाला दिसनार?"

मी सही नाकारली ती त्याच्या पुढच्याच आठवड्यात.

मग मी लेखी अर्ज दिला. खांबाचं अंतर दर आठवड्याला मोजू द्यावं; खांबाजवळ खणून पाया पाहू द्यावा; उघड्या पाषाणावर दुसरी खूण बसवू द्यावी. आठ दिवस उत्तर नाही. दुसरा अर्ज दिला. तेव्हा साहेबांनी दार लावून घेतलं.

"तुला कळतंय का तू काय म्हणतेयस? इतक्या वर्षांची मोजमापं आम्ही बाहेर दिली आहेत. जगाने वापरली आहेत."

"म्हणूनच म्हणते, सर."

"पुढल्या आठवड्यात मी या आलेखावर बोलायला जातोय. आणि माझी तंत्रसहायक म्हणते, माती फुगते."

"माती फुगतेच."

"तुझ्याकडे पुरावा काय? वडील म्हणाले?"

मला राग आला. पण खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न रास्त होता. वडील म्हणाले हा पुरावा नव्हता. मी म्हणाले, "नाही. म्हणूनच मोजायची परवानगी मागतेय."

परवानगी मिळाली नाही. मी तिसरा अर्ज दिला. त्यात शेवटी लिहिलं, की या आठवड्यात नकार कळवला नाही तर पुढच्या सोमवारपासून मी कामाच्या वेळेआधी मोजमाप सुरू करीत आहे. पोच घेतली. लेखी नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं, आणि लिहिण्याजोगं कारण नव्हतं. नकार आला नाही. त्याऐवजी शुक्रवारी माझी बदली झाली, घुमटातून भांडारात. नट-बोल्ट, केबलची बंडलं, जुने पंखे. सगळ्यांना वाटलं आता ही गप्प बसेल. एक सहकारी जेवताना म्हणाला, "कशाला अंगावर घेतलंस? दोन-चार मिलिमीटरसाठी?" मी त्याला विचारलं की तो इथे दुसरं काय मोजायला येतो. त्याने डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर गेला.

भांडाराच्या मागच्या फडताळात केंद्राचं टोटल स्टेशन होतं, जमीन मोजणारे वापरतात तसलंच पण बरंच अचूक. वर्षानुवर्षं कोणी नेलं नव्हतं. सोमवारी सकाळी मी ते स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. देणारी मी, घेणारी मी, दोन्हीकडे माझीच सही. आणि कामावर हजर व्हायच्या आधी, ऊन चढून हवा थरथरायला लागण्यापूर्वी, खांबाचं अंतर मोजलं. उलटसुलट वीस वेळा. लिहून ठेवलं.

पाषाणावरच्या खुणेसाठी बाबा पुन्हा आले. दुर्बिणीपासून तेवढ्याच अंतरावर, विरुद्ध बाजूला, काळ्या दगडाचा एक मोठा सलग पाठीसारखा भाग वर आलेला होता. त्यात त्यांनी पहारीने आणि छिन्नीने हळूहळू भोक घेतलं, स्टीलची सळई बसवली, भोवती सिमेंट भरलं. सगळी सकाळ गेली. कोणी अडवायला आलं तर काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. साहेब खिडकीत उभे होते. आले नाहीत. बाबांनी मात्र त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. साहेबांनीही केला.

"ह्यो मानूस वाईट दिसत न्हाई," बाबा म्हणाले.

"नाहीच आहे."

"मग भिऊ नको त्याला. वाईट मानसाला भ्यायचं."

जाताना त्यांनी स्वतःचा ओळंबा माझ्याकडे ठेवला. खांबाच्या माथ्यावरून तो सोडायचा आणि खाली दोरी काँक्रीटपासून किती दूर आहे ते बघायचं. टोटल स्टेशनचे आकडे साहेबांसाठी होते. ओळंबा माझ्यासाठी.

पहिले दोन महिने काहीच झालं नाही. पाऊस लांबला होता. दर सोमवारी दोन्ही खुणांची अंतरं तीच, ओळंबाही तिथेच. आठव्या सोमवारी मी खांबाला टेकून बसले आणि वाटलं की आपण सगळ्यांसमोर वेड्या ठरलो. घरी मुलीला शाळेत सोडायचं काम आता रोज नवऱ्यावर पडत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. एका संध्याकाळी त्याने विचारलं, "नाहीच हलला तर?"

"तर मी लिहून देईन की नाही हलला. साहेबांची माफी मागेन."

"खरंच मागशील?"

"सगळ्यांसमोर मागेन. पण मोजून मग."

ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला. भेग बुजली. त्यानंतरच्या सोमवारी खांब एक मिलिमीटरहून थोडा जास्त जवळ आला होता. पाषाणावरची सळई जागेवर. मी यंत्र खाली ठेवलं, लेन्स पुसली, पुन्हा मांडलं, पुन्हा मोजलं. तेच. पुढच्या सोमवारी दोन. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत साडेतीनच्या पुढे, आणि ओळंब्याची दोरी खाली उघड्या डोळ्यांनी सरकलेली दिसत होती. मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कललाय की. मंग आता कोनाला सांगायचं?"

तोच तर प्रश्न होता. नोव्हेंबरात बाहेरून तज्ज्ञांची समिती येणार होती, केंद्राची अचूकता कशी वाढवायची ते ठरवायला. नवीन लेसर घ्यावा, घड्याळ बदलावं, असे प्रस्ताव तयार होते. मी माझ्या मोजमापांची सहा पानं करून साहेबांकडे दिली. बोलावणं आलं नाही. बैठकीच्या दिवशी मला सांगण्यात आलं, की भांडाराचं माणूस बैठकीत लागत नाही.

मी गेले. दार वाजवलं आणि आत गेले. साहेब भिंतीवरच्या पडद्यासमोर होते, आलेख मागे. समितीत तिघं होते. मधे एक वयस्कर बाई, जमीन मोजण्याच्या शास्त्रात आयुष्य घालवलेल्या. साहेब म्हणाले, "नंतर या." आवाज शांत होता.

मी म्हणाले, "सर, नवीन लेसर घेण्याआधी समितीने एक गोष्ट बघायला हवी. दहा मिनिटं. मग मी जाते."

त्या बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

"मी भांडार सांभाळते. त्याआधी चार वर्षं हे यंत्र चालवत होते."

"भांडारात का?"

मी साहेबांकडे पाहिलं. "मी एका कागदावर सही करायला नकार दिला. त्यात लिहिलं होतं की खांब तपासला. तो कोणी तपासत नव्हतं. त्याआधी छत्तीस कागदांवर मी तीच खोटी सही केलेली आहे. तेही लिहून घ्या."

बाईंनी हात पुढे केला, मी सहा पानं दिली. त्यांनी शेवटचं पान आधी वाचलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चला, खांब कुठे आहे?"

आम्ही सगळे सिमेंटच्या रस्त्याने गेलो. मी त्यांना खांबाला वळसा घालून पलीकडे नेलं. त्यांच्यासमोर यंत्र मांडलं, त्यांनीच मोजलं. आकडा माझ्याशी जुळला. मग त्यांनी खणायला सांगितलं. मावशी आणि मी दोघींनी खणलं. कमरेच्या आतच पायाचा तळ लागला, आणि त्याच्याखाली पहार दाबली तर काळी माती, ओली, लोण्यासारखी मऊ. मुरूम आणखी बराच खाली होता.

साहेब खड्ड्याच्या कडेला उभे होते. मला वाटलं ते माझ्यावर चिडतील. ते म्हणाले, "माझ्या आलेखातलं किती उरेल?"

"माहीत नाही, सर. दुरुस्त करून बघावं लागेल."

"काहीच नाही उरणार?"

"माहीत नाही," मी पुन्हा म्हणाले. त्या क्षणी त्यांच्यासाठी काहीतरी गोड बोलावंसं वाटलं, पण जे मोजलेलं नाही ते बोलायचं नाही म्हणूनच तर मी तिथे उभी होते.

नवीन लेसर थांबला. आधी पाषाणावर तीन खांब उभे राहिले, तीन वेगवेगळ्या दिशांना, म्हणजे एक हलला तर इतर दोन सांगतील. दर पंधरा दिवसांनी त्यांची अंतरं मोजायचा नियम झाला. जुन्या मोजमापांसाठी मी माझे सोमवारचे आकडे आणि पावसाच्या नोंदी शेजारी ठेवून दुरुस्ती काढली. बाहेर कळवायचा मसुदा आला तेव्हा पुन्हा भांडण झालं. त्यात लिहिलं होतं: स्थानिक परिस्थितीमुळे किरकोळ सुधारणा. मी म्हणाले, हे चालणार नाही. जगात कुठेतरी बसलेल्या माणसाने आमचे आकडे समुद्राच्या हिशेबात धरलेत, त्याला "स्थानिक परिस्थिती" म्हणजे काय कळणार? चार मसुदे झाले. शेवटचा असा गेला: आमचा खांब काळ्या मातीत होता, तो ऋतूंप्रमाणे कलत होता, आणि आम्ही तो न मोजता मोजल्याचं लिहीत होतो. खाली सह्या, पहिली माझी.

त्या जुन्या छत्तीस सह्यांबद्दल मला मेमो मिळाला. खोटं प्रमाणित केल्याबद्दल. तो माझ्या फाईलमध्ये आहे आणि मी त्याविरुद्ध अपील केलं नाही, कारण तो खरा आहे. एवढंच लिहून दिलं, की असाच मेमो ज्यांनी तो कागद छापून घेतला त्यांनाही द्यावा. तो कोणाला दिला की नाही, मला माहीत नाही. मला घुमटात परत घेतलं.

पुढचा पावसाळा सरून दुरुस्त आलेख तयार झाला तेव्हा साहेब आणि मी दोघंच होतो. वर-खाली होणारी रेघ निम्म्याहून जास्त सपाट झाली होती. पण पूर्ण नाही. एक छोटी खळगी उरली होती, आधी दिसायची त्याहून उशिरा, पाऊस पडून गेल्यावर, पाणी मुरल्यावर. पाषाणावरच्या तिन्ही खांबांनी मोजलं तरी ती तिथेच होती. म्हणजे पठार खरंच दबत होतं, थोडंसं, आणि आता ते किती हे आम्हाला ठाऊक होतं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एवढंसं?"

"एवढंसंच. पण हे खरं आहे."

"आधीचं फार सुंदर दिसायचं," ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले.

पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाषणात माझ्याबद्दल म्हणाले की ही बाई त्रासदायक आहे, तिला सांभाळून ठेवा. लोक हसले. मी नाही हसले. मला ते शब्द नीट ऐकायचे होते.

आता नवे अधिकारी आलेत. हुशार आहेत, इंग्रजीत भरभर बोलतात. सध्या आमचा वाद वायुदाबमापकाचा आहे. प्रकाश हवेतून जाताना थोडा मंदावतो. किती, ते हवेच्या दाबावरून काढतात, आणि आमचं दाब मोजणारं यंत्र बरीच वर्षं कोणी प्रमाणित यंत्राशी ताडून पाहिलेलं नाही. त्यांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, त्यावर कंपनीचं प्रमाणपत्र चिकटवलेलं आहे, तुम्हाला दिसत नाही का. मी म्हणाले, दिसतं, त्यावरची तारीखही दिसते. त्यांनी विचारलं, "तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?"

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.